‘एकही निकाल सापडला नाही’: अमेरिकेतील जुन्या छापील साहित्याचा डिजिटल संग्रह कसा वाचावा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने त्या काळाविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जात आहे, आणि त्या लेखनात एक युक्तिवाद हटकून भेटतो. तो असा, की त्या काळातील छापील साहित्य आता संगणकावर शोधता येते, अमुक शब्द त्यात शोधला असता सापडत नाही, तेव्हा त्यामागची कल्पना त्या काळी कोणाच्या मनातही नव्हती. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण यंत्राने लाखो पाने काही क्षणांत चाळलेली असतात आणि यंत्राला पक्षपात नसतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात यंत्राच्या हाती जे पडते ते अनेक माणसांनी, वेगवेगळ्या हेतूंनी, साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या काळात वेचून आणि गाळून ठेवलेले असते. हे गाळणे कोठे कोठे झाले ते कळले, तर अशा संग्रहाचा उपयोग नीट करता येतो आणि त्याच्या नावावर केलेले दावेही पारखता येतात.

संग्रहात नेमके काय आहे

ज्या संग्रहाविषयी येथे लिहीत आहे त्याचे नाव ‘अर्ली अमेरिकन इंप्रिंट्स’. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर तळाशी ते कोठे, कोणी आणि कोणत्या साली छापले हे सांगणारी ओळ असते, तिला इंप्रिंट म्हणतात. त्यावरून अमुक ठिकाणी छापलेल्या कोणत्याही वस्तूलाच इंप्रिंट म्हणण्याची पद्धत ग्रंथपालांमध्ये पडली. संग्रहाचे दोन भाग आहेत. पहिल्यात १६३९ ते १८०० या काळातील सुमारे ३७ हजार आणि दुसऱ्यात १८०१ ते १८१९ या काळातील सुमारे ३६ हजार छापील वस्तू आहेत. ‘पुस्तके’ न म्हणता मुद्दाम ‘वस्तू’ म्हटले आहे, कारण त्यांत जाडजूड ग्रंथांइतक्याच पातळ पुस्तिका आणि एका बाजूला छापलेले सुटे कागद आहेत: चर्चमधील प्रवचने, कायदे, पंचांगे, मुलांची अंकलिपीसारखी पुस्तके, फाशी जाणाऱ्यांचे अखेरचे कबुलीजबाब, रस्त्यावर गाऊन विकलेली कवने आणि १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापलेले अमीलिया सिमन्स यांचे पाककृतींचे पुस्तक. वर्तमानपत्रे मात्र यात नाहीत. त्यांचा संग्रह वेगळा आहे, आणि ही गोष्ट न कळल्याने अनेक जण चुकीच्या दारात उभे राहून कोणी घरी नाही अशी तक्रार करतात.

कागदांचा सर्वांत मोठा साठा मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी ‘अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी’ या संस्थेत आहे. ही संस्था १८१२ मध्ये आयझाया टॉमस या मुद्रकाने स्थापन केली. एप्रिल १७७५ मध्ये ब्रिटिशांशी लढाई पेटण्याच्या तोंडावर त्याने आपला छापखाना बॉस्टनमधून रातोरात वूस्टरला हलवला होता. समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरापेक्षा आतल्या गावी कागद सुरक्षित राहतील, हा त्याचा हिशेब संस्थेसाठी गाव निवडतानाही होता, आणि तो अनाठायी नव्हता. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले तेव्हा तेथील काँग्रेसचे ग्रंथालयही जळाले.

यादीतील पहिल्या क्रमांकाची वस्तूच हाती नाही

संग्रहाचा कणा म्हणजे एका माणसाने केलेली यादी. चार्ल्स एव्हान्स हा बॉस्टनमधील अनाथ मुलगा गरीब मुलांच्या आश्रमशाळेत वाढला, पुढे ग्रंथपाल झाला, आणि अमेरिकेत छापखाना आल्यापासून १८२० पर्यंत तेथे छापलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करण्याचे त्याने ठरवले. पहिला खंड १९०३ मध्ये निघाला. नोंदी वर्षवार आणि प्रत्येक वर्षात लेखकाच्या आडनावाच्या अक्षरक्रमाने लावल्या होत्या. १९३५ मध्ये एव्हान्सचा मृत्यू झाला तेव्हा बारा खंड झाले होते आणि तो १७९९ या वर्षातील ‘एम’ या अक्षरापर्यंत पोहोचला होता. उरलेली अक्षरे आणि १८०० हे साल क्लिफर्ड शिप्टन यांनी तेराव्या खंडात, १९५५ मध्ये, पूर्ण केले. नोंदींची एकूण संख्या ३९,१६२ झाली. संग्रहाचा पहिला भाग आजही एव्हान्सच्या नावाने ओळखला जातो, आणि अभ्यासक एखाद्या जुन्या पुस्तिकेचा उल्लेख ‘एव्हान्स अमुक’ असा करतात, जसा आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांक सांगतात.

सातबाऱ्याची ही तुलना आणखी एका अर्थाने लागू पडते. उताऱ्यावर नाव असले म्हणजे जमीन जागेवर असतेच असे नाही. एव्हान्सच्या यादीत क्रमांक १ वर ‘फ्रीमन्स ओथ’ आहे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या नागरिकाने घ्यावयाच्या शपथेचा, १६३९ मध्ये तेथीलच केंब्रिज या गावी छापलेला एक कागद. त्याची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. ती छापली गेली हे इतर नोंदींवरून कळते, इतकेच. त्याच वर्षीच्या पंचांगाचीही प्रत उरलेली नाही. उलट यादीत अशाही नोंदी आहेत की ज्यांतील पुस्तके कधी छापलीच गेली नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांत ‘लवकरच प्रसिद्ध होत आहे’ अशी जाहिरात दिसली, की एव्हान्स ती नोंदवून घेई. मुद्रकाने नंतर तो बेत सोडला असेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता. कधी लंडनमध्ये छापून बॉस्टनच्या दुकानात विकायला आलेले पुस्तक बॉस्टनमध्येच छापलेले म्हणून नोंदले गेले. ग्रंथपाल अशा नोंदींना ‘भुते’ म्हणतात. शिप्टन आणि जेम्स मूनी यांनी १९६९ मध्ये सुधारित संक्षिप्त यादी प्रसिद्ध केली, तीत अशा भुतांचा निवाडा केला आणि एव्हान्सच्या हाती न लागलेल्या हजारो वस्तूंची भर घातली. तिच्यातील नोंदी ४९ हजारांवर गेल्या.

एव्हान्सची थट्टा करणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. झेरॉक्स किंवा सरकारी अनुदान यांच्याशिवाय, वर्गणीदारांच्या जोरावर, एका माणसाने शिकागोत बसून हे काम केले. मुद्दा एवढाच, की आज पडद्यावर दिसणाऱ्या संग्रहाच्या हद्दी त्याने आखलेल्या आहेत.

जे जास्त वाचले गेले तेच कमी उरले

यादीच्याही आधी एक चाळणी लागलेली असते, ती म्हणजे काळाची. तिचा नियम सामान्य समजुतीच्या उलट चालतो. आपल्याला वाटते की लोकप्रिय पुस्तकाच्या प्रती जास्त, म्हणून ते जास्त टिकणार. पण आपल्या घरात आजोबांचे कधीही न उघडलेले बांधीव ग्रंथ कपाटात शाबूत असतात आणि अंकलिपी, गेल्या दहा वर्षांची पंचांगे व किराणा दुकानाच्या वह्या कोठेच नसतात. वापरलेली वस्तू झिजते, आणि काम संपले की रद्दीत जाते.

अमेरिकेतही तेच झाले. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हे मुलांना अक्षरे आणि धर्म एकत्र शिकवणारे पुस्तक सतराव्या शतकाच्या अखेरीपासून छापले जात होते आणि त्याच्या प्रचंड प्रती खपल्या, तरी उरलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ ची आहे. वर्षाला हजारोंनी विकल्या जाणाऱ्या पंचांगांची गतही अशीच. बेंजामिन फ्रँकलिनचे पंचांग भरभराटीच्या वर्षांत सुमारे १० हजार प्रतींपर्यंत खपत असे. १६४० मध्ये छापलेले स्तोत्रांचे पुस्तक ‘बे साम बुक’ हे त्या वसाहतीतील उरलेले सर्वांत जुने छापील पुस्तक. त्याच्या सुमारे १,७०० प्रती निघाल्या होत्या, आज अकरा आहेत, आणि त्यांतील एक २०१३ मध्ये लिलावात १ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच, म्हणजे केंब्रिजच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी, सुरू झाला होता. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

काही वेळा मात्र हलकाफुलका माल टिकतो तो कोणीतरी हट्टाने ठेवला म्हणून. १८१४ मध्ये आयझाया टॉमसने बॉस्टनच्या दुकानातून रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून अधिक कवने खरेदी केली आणि ती बांधून ठेवताना टीप लिहिली, की या काळी सामान्य जनांत कसल्या वस्तू चालतात हे दाखवण्यासाठी ही जपून ठेवत आहे. त्या टिपेत थोडी तुच्छता आहे हे खरे, पण शहाण्यासुरत्या माणसांनी ज्याला हातही लावला नसता ते त्याने पैसे देऊन घेतले, आणि म्हणूनच १८१२ च्या युद्धाच्या वेळी बॉस्टनच्या रस्त्यांवर काय गायले जात होते हे आज कळते.

कागदापासून पडद्यापर्यंत

१९५५ मध्ये ‘रीडेक्स’ या कंपनीने सोसायटीच्या साहाय्याने एव्हान्सच्या यादीतील प्रत्येक उपलब्ध वस्तूचे छायाचित्रण सुरू केले. कंपनीचे संस्थापक आल्बर्ट बोनी यांची पद्धत ‘मायक्रोप्रिंट’ म्हणून ओळखली जाई: सहा इंच रुंद आणि नऊ इंच लांब जाड कागदी पत्त्यावर दहा रांगांत दहा, अशी शंभर पाने अतिसूक्ष्म आकारात छापलेली असत आणि ती वाचायला खास यंत्र लागे. त्यामुळे वूस्टरला न जाताही कॅलिफोर्नियातील विद्यार्थी १७०० सालचे प्रवचन वाचू शकला, हा मोठा लाभ होता; डोळ्यांना होणारा त्रास हा त्याचा खर्च होता. २००२ पासून हाच संग्रह डिजिटल रूपात येऊ लागला. त्यात नव्याने सापडलेल्या हजारभर वस्तूंची भर पडली, पण मुख्य साठा त्या जुन्या छायाचित्रणाच्याच पायावर उभा आहे. त्यामुळे पडद्यावर जे दिसते ते बहुधा मूळ पानाच्या छायाचित्राचे पुन्हा घेतलेले चित्र असते, आणि तेही काळे-पांढरे; लालसर शाई, डाग, कागदाचा पोत यांचा त्यात मागमूस नसतो.

‘आत्मा’ जेव्हा ‘घाणेरडा’ होतो

चित्र आले तरी त्यातील शब्द शोधता येत नाहीत. त्यासाठी संगणकाला चित्रातील आकार पाहून अक्षरे ओळखावी लागतात. या क्रियेला ओसीआर म्हणतात, आपण तिला अक्षरओळख म्हणू. शोधचौकटीत शब्द टाकला की संगणक पान वाचत नाही, तर अक्षरओळखीने तयार झालेला, वाचकाला सहसा न दिसणारा मजकूर चाळतो. तो मजकूर जितका चुकीचा, तितका शोध आंधळा.

अठराव्या शतकातील इंग्रजी छपाईत ‘एस’ या अक्षराची लहान लिपीत दोन रूपे होती. शब्दाच्या शेवटी आजचे रूप येई, पण सुरुवातीला आणि मध्ये उभट, लांब रूप येई, आणि ते ‘एफ’ या अक्षरासारखे इतके दिसे, की मधल्या आडव्या रेघेच्या एका टोकाचाच काय तो फरक. यंत्राला तो फरक धूसर चित्रात दिसत नाही. त्यामुळे ‘सिन’ म्हणजे पाप या शब्दाचा ‘फिन’, म्हणजे माशाचा पर, होतो, आणि ‘सोल’ म्हणजे आत्मा या शब्दाचा ‘फाउल’, म्हणजे घाणेरडा. ज्या संग्रहात प्रवचनांचा एवढा भरणा आहे त्यात पाप आणि आत्मा हेच दोन शब्द हरवावेत, याला दुर्दैवी विनोद म्हणावे लागेल. मराठी वाचकाने जुन्या खिळाछाप पुस्तकांवर अशी अक्षरओळख चालवून पाहावी. ‘ख’ चे ‘रव’, ‘घ’ चे ‘ध’ आणि ‘भ’ चा ‘म’ झालेला मजकूर पाहिला की हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १८०० च्या सुमारास ते लांब अक्षर छापखान्यांतून वेगाने नाहीसे झाले. म्हणून एखाद्या शब्दाचा वापर अठराव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी वाढलेला आलेखात दिसला, तर समाज बदलला असे म्हणण्याआधी त्या शब्दात ‘एस’ आहे का, एवढे पाहून घ्यावे.

यावर एक खर्चीक उपाय करण्यात आला. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ या उपक्रमात एव्हान्सच्या यादीतील सुमारे ५ हजार ग्रंथ माणसांकडून टंकलिखित करून घेतले गेले. एकच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे टंकायचा आणि मग दोन्ही प्रती ताडून पाहायच्या, ही पद्धत; २० हजार अक्षरांमागे एकापेक्षा जास्त चूक नको, ही अट. हे ५ हजार ग्रंथ आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. बाकीच्या संग्रहाचा शोध अजूनही यंत्राच्या वाचनावरच अवलंबून आहे.

शब्द त्या काळचा हवा

समजा अक्षरओळख अचूक झाली, तरीही शोध फसू शकतो. १७२१ मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. सुमारे ११ हजार वस्तीच्या त्या गावात जवळजवळ ६ हजार लोकांना देवी आल्या आणि ८४४ माणसे दगावली. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाच्या आग्रहावरून झॅबडिएल बॉइल्स्टन या वैद्याने देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली घालण्याचा प्रयोग केला. त्याने टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा दगावले, म्हणजे शंभरात दोन-तीन, तर आपसूक देवी आलेल्यांत शंभरात चौदाच्या आसपास. तरीही विल्यम डग्लस या डॉक्टरने या पद्धतीला कडाडून विरोध केला, आणि दोन्ही बाजूंनी पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या. त्यांतील बॉस्टनमध्ये छापलेल्या पुस्तिका या संग्रहात आहेत आणि सार्वजनिक आरोग्यावरील छापील वादाचा इतका जुना नमुना क्वचितच मिळतो.

आता कोणी आजच्या सवयीने ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द टाकून १७२१ चे साहित्य शोधू लागला, तर उत्तर शून्य येईल. तो शब्द गायीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला आणि एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये गायीच्या देवीच्या लशीची माहिती प्रसिद्ध केल्यानंतर रूढ झाला. १७२१ चा शब्द ‘इनॉक्युलेशन’ होता, आणि तोही कधी एका ‘एन’ ने तर कधी दोन ‘एन’ नी लिहिला जाई. मराठीत ‘देवी टोचणे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन्ही पद्धती सामावतात, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही. पण जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘कॉलरा’ शोधणाऱ्याला ‘पटकी’, ‘महामारी’ आणि ‘जरीमरी’ हे शब्द ठाऊक नसतील, तर त्याचीही तीच गत होईल.

या प्रसंगातील सर्वांत महत्त्वाचे नाव मात्र कोणताही शब्द टाकून लेखक म्हणून सापडणार नाही. मॅदरला टोचण्याची ही पद्धत ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकन गुलामाने सांगितली होती; आपल्या देशात आपल्यालाही असे टोचले होते, असे त्याने सांगितल्याचे मॅदरनेच लिहून ठेवले आहे. ओनेसिमसने पुस्तिका छापली नाही, त्यामुळे यादीत त्याला क्रमांक नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मांडवातील सगळे पाहुणे दिसतात आणि चार दिवस चुलीपुढे राबलेली आत्या एकाही फोटोत नसते. म्हणून ती लग्नाला आलीच नव्हती असे घरातले कोणी म्हणत नाही. अल्बम ज्यांनी फक्त पडद्यावर पाहिला ते मात्र तसे म्हणू शकतात.

‘अमेरिकन’ म्हणजे कोठले

संग्रहाच्या नावातील ‘अमेरिकन’ या शब्दाचा अर्थ भूगोलाचा आहे, आणि तोही अरुंद. पुढे जी अमेरिकेची संयुक्त संस्थाने झाली त्या भूमीवर छापलेली वस्तू आत, बाकीची बाहेर. मेक्सिको शहरात १५३९ मध्ये, केंब्रिजच्या बरोबर शंभर वर्षे आधी, छपाई सुरू झाली होती, पण ती येथे नाही. फिलिस व्हीटली ही बॉस्टनमध्ये गुलाम म्हणून आणलेली कवयित्री. तिच्या कवितासंग्रहाला बॉस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत, म्हणून तो १७७३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला, आणि त्यामुळे अमेरिकन साहित्यातील हे अत्यंत महत्त्वाचे पुस्तक त्या वर्षाच्या नोंदींत सापडत नाही. तिच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये फिलाडेल्फियात निघालेली आवृत्ती मात्र आहे. उलट पेनसिल्व्हेनियातील जर्मन भाषेतील पुस्तके, १७४३ चे जर्मन बायबल धरून, हक्काने आत आहेत.

या नियमाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉलने सॅम्युएल न्यूअलसह मुंबईहून लिहून पाठवलेले जगाच्या धर्मांतराविषयीचे पुस्तक १८१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे छापले गेले, त्यामुळे ते संग्रहाच्या दुसऱ्या भागाच्या कक्षेत येते. मुंबईच्या कामाची माहिती देणारे त्यांच्या मंडळाचे बॉस्टनमध्ये छापलेले वार्षिक अहवालही तसेच. पण याच मिशनने त्याच दशकात मुंबईच्या आपल्या छापखान्यात मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली होती, आणि त्या छापणारे हात अमेरिकन असले तरी गाव मुंबई असल्यामुळे त्या बाहेर राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईवर काम करणाऱ्याला म्हणून या संग्रहात परक्याने पाहिलेली मुंबई मिळेल, मुंबईने वाचलेला कागद मिळणार नाही.

एवढे जुने लेखन, मग पैसे कशाचे?

ही शंका रास्त आहे. १७७६ च्या पुस्तिकेवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, तरीही संपूर्ण संग्रह पाहायला विद्यापीठाची किंवा मोठ्या ग्रंथालयाची वर्गणी लागते. तुकोबांच्या अभंगांवर कोणाची मालकी नाही, पण छापील गाथा विकत घ्यावी लागते, तसेच हे आहे: पैसा शब्दांचा नसून छायाचित्रण, सूची आणि शोधाची सोय यांचा आहे. असे असले तरी गाथा एकदा विकत घेतली की ती घरात राहते, आणि येथे वर्गणी थांबली की दार बंद होऊ शकते. हा फरक मला लहान वाटत नाही. ज्यांच्यामागे विद्यापीठ नाही त्यांनी वर सांगितलेल्या ५ हजार विनामूल्य ग्रंथांपासून सुरुवात करावी. अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीची ग्रंथसूचीही खुली आहे, आणि एखादी वस्तू अस्तित्वात आहे की नाही हे ठरवायला अनेकदा सूचीच पुरते.

चित्र मिळाले, आता मूळ कागद कशाला?

याचे उत्तर यादीतील त्या हरवलेल्या क्रमांक १ कडेच परत नेते. १९८५ मध्ये मार्क हॉफमन या व्यापाऱ्याने ‘फ्रीमन्स ओथ’ची प्रत सापडल्याचा दावा केला आणि ती १५ लाख डॉलरना विकायला काढली. प्रथम काँग्रेसचे ग्रंथालय आणि नंतर वूस्टरची सोसायटी यांच्यापुढे ती ठेवण्यात आली. कागद त्या काळचा होता, शाई हॉफमनने स्वतः बनवली होती, आणि सुरुवातीच्या तपासणीत खोट दिसली नव्हती. पुढे त्याच वर्षी आपले व्यवहार उघडे पडू नयेत म्हणून त्याने बाँब ठेवून दोन माणसांचे प्राण घेतले, आणि त्या तपासात बनावटगिरी सिद्ध झाली. कागद हातात असताना जर जाणकार चकले, तर केवळ काळे-पांढरे चित्र पाहून निवाडा कोण करणार? शिवाय संग्रहात सहसा एकाच प्रतीचे चित्र असते. हाताने चालणाऱ्या छापखान्यात छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त करत, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत शब्द वेगळे असू शकतात. आणि पंचांगाच्या कोऱ्या पानांवर कोणा शेतकऱ्याने लिहिलेली रोजनिशी एकाच प्रतीत असते.

मूळ कागद अजूनही सापडत असतात. जाहीरनाम्याची पहिली छपाई ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने केली. सुमारे दोनशे प्रती निघाल्या असाव्यात आणि आज २६ माहीत आहेत. त्यांतील एक १९८९ मध्ये जुन्या बाजारातून चार डॉलरना घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागे घडी करून ठेवलेली निघाली.

यादीतील दुसऱ्या नावाकडे पाहणे

संग्रहातील ज्या पुस्तकांचा सर्वांत अनपेक्षित उपयोग झाला ती इंग्रजीत नाहीत. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने मॅसॅच्युसेट्समधील मूळनिवासी वाम्पानोआग लोकांच्या भाषेत केलेले बायबल १६६३ मध्ये केंब्रिज येथे पूर्ण छापले गेले. अमेरिकेत छापलेले ते पहिले बायबल. सूचीत लेखक आणि अनुवादक म्हणून एलियटचे नाव आहे. पण खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता, इंग्रजांनी त्याचे नाव जेम्स प्रिंटर असे ठेवले होते, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खुद्द एलियटने लिहून ठेवले, की मजकूर समजून खिळे जुळवू आणि मुद्रिते तपासू शकेल असा हाच एक माणूस आपल्याकडे आहे. पुढे ती भाषा बोलणारे उरले नाहीत. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती परत उभी करण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्यापुढे बोलणारे कोणी नव्हते, होते ते हे बायबल, जमिनींचे हस्तलिखित दस्तऐवज आणि अशीच आणखी काही जुनी पाने. त्यांची मुलगी ती भाषा जन्मापासून ऐकत वाढली. १७०९ मध्ये बॉस्टनमध्ये छापलेल्या त्याच भाषेतील स्तोत्रसंग्रहाच्या शीर्षकपृष्ठावर, तळाच्या ओळीत, मुद्रकांची दोन नावे आहेत: बी. ग्रीन आणि जे. प्रिंटर.